चार किलोचा दुभाषी

फेब्रुवारीत कंपनीची माणसं आली
आणि खांबाचा डावा हात काढून घेऊन गेली.
जुन्या गाड्यांची, गोल तोंडाची केबल.
आता कोण वापरतंय, म्हणाली.
भोकावर झाकण, झाकणाला चार स्क्रू,
माझ्याकडून दोन सॉसेज रोल घेतले
आणि गेली.

माझी बेकरी त्या खांबासमोर, रीफ्टनला.
इथे विजेचे दिवे फार लवकर लागले होते,
असं शाळेतली पोरं पाहुण्यांना अजून ऐकवतात.
म्हणजे वीज आणि आम्ही, तशी जुनी ओळख.

मंगळवारी रावीनिया आली,
मर्चिसनहून, हीटर बंद ठेवून, गुडघ्यांवर घोंगडी.
चंदेरी लीफ, योकोहामाच्या लिलावातून
बोटीत बसून आलेली.
दार उघडलं की अजून जपानीतच बोलते.
भाषा बदलायची कशी
तेही त्याच भाषेत लिहिलंय,
म्हणून रावीनियाने नाद सोडला.
रोज सकाळी गाडी काहीतरी म्हणते,
ही म्हणते, "हो गं."

बॅटरीच्या बारा काड्यांतल्या आठ उरल्यात.
पोचली तेव्हा सहा टक्के.

डिकीतून तिने दोन्ही हातांनी
तान्ह्या पोराला उचलावं तसा तो उचलला:
काळा, जाडजूड,
एक तोंड जुन्या गाडीकडे, एक नव्या खांबाकडे.
"पेन्शनमधले किती गेले ते विचारू नकोस."

आधी हा गाडीत खुपसायचा.
मग खांबाची केबल ह्याच्यात.
मग बटण दाबून धरायचं, हिरवा दिवा लुकलुकेपर्यंत.
लुकलुकला नाही.
काढलं, पदराने पुसावं तसं स्कार्फने पुसलं, परत लावलं.
खांब म्हणाला, गाडी सापडत नाही.
गाडी समोर उभी!
तिने त्याला एक थप्पड दिली,
बाप रेडिओला द्यायचा तशी.

मागे एक पांढरी, कोरी गाडी थांबलेली.
वेस्टपोर्टचा इमन उतरला, सँडफ्लाय मारत, मानेवर, कोपरावर.
मी म्हटलं, आता हा हॉर्न वाजवणार.
तो वाकला, कान लावला.
"ह्याला स्वतःची बॅटरी असते, मावशी.
ह्याची बारकी बॅटरीच संपलीय."

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून.
तिघंही हसलो.

तर तो आला माझ्या काउंटरवर, टोस्टरशेजारी,
माझ्या फोनची वायर तोंडात घेऊन पडून राहिला.
अर्धा तास.
इमनने खिम्याचा पाय संपवला, दुसरा मागितला.

रावीनिया सांगत होती:
सेल्विन ग्रेमाउथला, हॉस्पिटलात.
डॉक्टर पुटपुटतो, ह्याला ऐकू येत नाही,
कानातलं यंत्र घरी, मोज्यांच्या कप्प्यात.
मग मध्ये मी.
नात शाळेतून माओरी बोलत येते.
सेल्विनला त्यातलं काही कळत नाही.
मला अर्धं कळतं.
आमच्या वेळी ती भाषा घरात ठेवून शाळेला जायचं,
परत येईपर्यंत ती थोडी कमी झालेली असायची.
"नातीला मी अर्धीच पुरते.
पण अर्ध्यावरही चालतं गं.
हळू चालतं, एवढंच."

दिवा हिरवा झाला.
परत गाडीत हा, ह्याच्यात केबल, बटण.
आत कुठेतरी खट्.
खांब बराच वेळ गप्प,
नंबर लागलेल्या माणसाचं नाव
कारकुनाने दोनदा वाचावं तसा.
मग पंखा घुमला.
सात टक्के.
आठ.

इमन म्हणाला, माझी पाच मिनिटांत एवढं पिते.
कुणी उत्तर दिलं नाही.
तोही मग तिच्यासारखा
आकड्याकडे बघत उभा राहिला.

निघताना गाडी काहीतरी बोलली.
काचेतून ऐकू आलं नाही,
पण रावीनियाचे ओठ हलताना दिसले.

कालपासून टोस्टर डावीकडे सरकवलाय.
ती वायर तशीच लटकू दिलीय.